गुरचरणातला दगड आणि साहेबांची दाढ

ऐंशीच्या दशकात मी डहाणूला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. तलासरीच्या पूर्वेला एका गावच्या गुरचरणात काळा दगड होता. तो खडीसाठी काढण्याजोगा आहे का, हे बघायला एक भूवैज्ञानिक साहेब आले आणि त्यांची छत्री धरायला मला सोबत पाठवलं. आदेशात त्याला ‘तांत्रिक साहाय्य’ म्हटलं होतं.

दगड चांगला ठरला तर तिथे खाण होणार होती. मग गुरं कुठे चरणार, हे कुठल्याच फाइलीत नव्हतं. म्हणून गावाने एकमताने ठरवलं होतं, की दगडाला नावं ठेवायची. साहेबांनी हातोडी उगारली की कोणीतरी म्हणे, “जपून साहेब, भुगा होईल!” हातोडी आपटून उलट उडत होती, तरी निंदा चालूच होती.

एका म्हाताऱ्याला मात्र ती सोसेना.

“भुगा? माझ्या घराचं जोतं याच दगडाचं. पाटाही याचाच, तिसरी पिढी वाटतेय त्याच्यावर! साहेब, दुपारी जेवायलाच चला.”

“काका, गप बसा ना,” मागून कोणीतरी कळवळलं.

“का गप बसू? दगडाने तुझं काय खाल्लंय?”

त्याची बायको घराकडे निघाली.

दुपारी ओटीवर पानं मांडली. पाटाही शेजारी आणून ठेवला होता, साक्षीदारासारखा. साहेबांनी तांदळाच्या भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून तोंडात घातला. कर्र! अख्ख्या ओटीला ऐकू गेलं. दुसऱ्या घासालाही कर्र.

“झिजतो तुमचा दगड,” दाढेवरून जीभ फिरवत साहेब म्हणाले.

म्हाताऱ्याने आपलं पान बाजूला सारलं. बाकीचं गाव मात्र पोटभर जेवलं असावं.

दगडाचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि तिथेच स्थायिक झाले. अहवाल तेवढा वेळेवर गेला, कारण दाढेचा निकाल हाताशी होता. ‘खडक ठिसूळ असून उत्खननास अयोग्य.’ गुरचरण वाचलं.

पुढे एकदा डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या देवीच्या दर्शनाला आलेला तो म्हातारा बायकोसह आमच्या कचेरीत उगवला.

“गुरचरण राहिलं, चांगलं झालं. पण ते ठिसूळ तेवढं खोडा.”

“अहवाल वर गेला, काका.”

“मग दुसरा पाठवा. आम्ही गुरचरणात होतो तेव्हा हिने छिन्नीने ठोकून पाट्याला टाकी लावली. टाकी नवी असली की पहिल्या वाटणात कच येतेच. ते फेकून द्यायचं असतं.” तो बायकोकडे वळला. “एवढंही माहीत नव्हतं तुला?”

“माहीत कसं नसेल?” ती शांतपणे म्हणाली. “आपल्या गाई तिथेच चरतात.”

म्हातारा तिच्याकडून माझ्याकडे वळला. मग माझ्या टेबलावर वाकून हळूच म्हणाला,

“तरी पण भाऊ, ठिसूळ खोडा.”