काडेपेट्यांचा डबा

आमच्या तांड्यावरून जंगलात जायचं तर नाला ओलांडावा लागतो. फागुन लागला की त्या नाल्यावर पेटीकाका हात पुढे करून उभे. "काढ." मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया असोत की गुराखी, काडेपेटी काढून द्यायची, मगच पुढे जायचं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ते सगळ्या पेट्या ठेवत आणि परतताना ज्याची त्याला देत. पेटीवर खूण नसे, तरी अदलाबदल कधी झाली नाही. एकदा त्यांनी वनखात्याच्या साहेबांचा लायटर काढून घेतला. साहेब तापले. काका म्हणाले, "साहेब, आग वळख इचारत नाही."

काका त्याच खात्यात रोजंदारीचे मजूर. रोज सकाळी सागाचं वाळलेलं पान कानाशी नेऊन मुठीत चुरगाळायचे आणि आवाजावरून दिवस कसा जाईल ते ठरवायचे. मी तांड्यातला पहिला बी.एस्सी., त्याच वनकार्यालयात कंत्राटी टायपिस्ट. मी ऐटीत सांगितलं, "काका, दुष्काळ पडला की आगी वाढतात. सरळ हिशोब आहे."

"अर्धंच शिकवलं तुले कालेजात," ते म्हणाले. "आधी गवत वाढाले पानी लागते. मांगच्या साली धो धो पडला, गवत कमरेएवढं झालं. यंदा पान्यानं दगा देल्ला, ते वाळलं. दुष्कायानं सरपन रचून ठेवलं. पन काडी कोन लावीन, कवा लावीन, हे त्यालेबी माहीत नाही. निरा सुक्या सालीबी जंगल वाचते, बाबू."

उत्तर बरोबर होतं. ते अंगठा उठवणाऱ्या माणसाकडून आलं, हे मला टोचलं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आतच साग उघडा पडला. आग पुढे सरकू नये म्हणून जंगलात जो पट्टा मोकळा ठेवतात, ती जाळरेषा काकांनी एकट्यानं तीनदा झाडली. सोबतीचे मजूर फक्त हजेरीपटावर होते. मग फागुनातल्या एका दुपारी वावटळ उठली. जंगलातून गेलेल्या विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या आणि ठिणग्या गवतात पडल्या. वारा नाल्याकडे असता तर आग रेतीत येऊन विझली असती. तो टेकडीकडे फिरला, आग जाळरेषेवरून उडी मारून गेली. तीन दिवस टेकडी जळत होती. पळसाची फांदी घेऊन काका आग झोडपत राहिले. त्यांच्या भुवया जळाल्या, छातीत धूर बसला तो बसलाच.

अहवालात कारण लिहायचं होतं. तारा लिहिल्या तर दुसऱ्या खात्याशी भांडण. दुष्काळ आणि वारा लिहिला तर दोषी कोणीच नाही. साहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं: 'वनमजुराचा निष्काळजीपणा. काडेपेटी बाळगणाऱ्या इसमांस जंगलात प्रवेश दिला.'

काका डबा घेऊन आले. टेबलावर उघडून म्हणाले, "त्या दिवशीच्या साऱ्या हायेत. पळापळीत वापस द्याच्या राह्यल्या. ज्याले इचाराचं त्याले इचारा." कोणी डब्याकडे पाहिलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "काय लिवलं बे? वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं.

डब्यात बोटं फिरवून त्यांनी एक पेटी काढली आणि माझ्या कीबोर्डवर ठेवली. "घे. तुही." त्या सकाळी मी पाहणीला गेलो होतो, तेव्हा माझ्याच खिशातून त्यांनी ती काढून घेतली होती. अहवालातलं ते वाक्य खोटं आहे हे खोलीत सगळ्यात पक्कं मलाच माहीत होतं. मी गप्प बसलो. काकांचं काम गेलं.

पुढचं वर्षही तेवढंच कोरडं. नाल्यावर कोणी नव्हतं. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा ज्याला वाटेल तो पेटवत होता. पण ऐन फागुनात दोनदा अवकाळी पाऊस आला आणि जंगलाचं एक पान जळलं नाही. 'योग्य नियोजनाबद्दल' आमच्या कार्यालयाचं कौतुक झालं. त्यासाठी वर पाठवलेलं टिपणही मीच टाईप केलं होतं.

मी काकांकडे गेलो. ते बाजेवर पडून होते, श्वासाची घरघर ओट्यापर्यंत ऐकू येत होती.

"जंगल वाचलं, काका."

"आयकलं." थोडा दम घेऊन ते हसले. "बरं झालं मी नव्हतो. असतो तं मले वाटलं असतं, म्याच वाचवलं."

माफी मागायची म्हणून मी गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

मिरगाच्या आधीच काका गेले. तो अहवाल अजून फायलीत आहे. मी काढून पाहतो अधूनमधून. शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नाही.