शिक्षावाला कॉम्प्युटर

बनारसमध्ये स्वयंपाक्याला महाराज म्हणतात. माझ्या बाबांना सगळा मोहल्ला जन्मभर महाराज म्हणाला. राज्य तेवढं कुठे दिसलं नाही.

आम्ही ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. आजूबाजूला वेदपाठी, शास्त्री, ज्योतिषी. त्यांच्या घरात पोथ्या, आमच्या घरात झारे आणि पातेली. महाराष्ट्रातून यात्रेकरू आले, कुणाचं श्राद्ध निघालं, की बाबांना बोलावणं यायचं. दुसऱ्याकडे श्राद्ध असलं की आपल्याकडे खीर, हे आम्हा भावंडांना फार लवकर कळलं. पावसाळ्यात गंगा घाटाच्या पायऱ्या गिळायची, यात्रेकरू यायचे बंद व्हायचे, आणि मग खीर सोडाच, आमचं वरणही पातळ व्हायचं. धुरानं बाबांचे डोळे कायम लाल. ते मला एकच सांगायचे, "मुकुंदा, काहीही कर, चुलीपुढे बसू नकोस."

मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण बी.कॉम.ची वाट बघत कुणी बसलं नव्हतं. बरीच वणवण झाल्यावर लहुराबीर चौकातल्या जायसवाल बाबूंनी त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मला उभं केलं. टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचा काउंटर जुन्या सेल्समनकडे होता. मला मिळाला तो कुणालाच नको असलेला, टीव्ही गेमचा.

"दिवाली तक देखते हैं, महाराज," जायसवाल बाबू म्हणाले. बाबांची पदवी त्यांनी मलाही चिकटवली होती. "काउंटर चला तो तुम पक्के. नहीं चला तो यहाँ मिक्सर लगेंगे."

मिक्सरला वेगळा सेल्समन लागत नव्हता. म्हणजे काय ते मला समजलं.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्ही गेम म्हणजे टीव्हीला वायरनं जोडायचा डबा. त्याच्या डोक्यावर एक खाच असते, तिला स्लॉट म्हणतात. स्लॉटमध्ये कॅसेट खोचायची. गाण्याची नव्हे, गेमची; पत्त्यांच्या कॅटएवढी, आत फीत नाही, सर्किट असतं. बाजारात होता तो आठ-बिटचा डबा. बिट म्हणजे ढोबळपणे मशीनची ताकद. बिट जास्त, तर रंग जास्त, आवाज चांगला, माणूस माणसासारखा दिसणार.

आणि बनारसच्या पोरांना सोळा-बिटचे वेध लागलेले.

इंटर कॉलेज, म्हणजे तिकडची बारावीपर्यंतची शाळा, सुटलं की ती माझ्या काउंटरला येऊन टेकायची. त्यात दोघं रोजचे. एक रिंकू. त्याचा चुलतभाऊ दिल्लीला, तो त्याला परदेशी गेम मासिकांची पानं पाठवायचा. दुसरा इमरान, मदनपुऱ्यातल्या साडीवाल्यांचा. रिंकूचं तोंड चालायचं, इमरानचं डोकं.

"गुरु, सोलह-बिट आ रहा है," रिंकू पान पसरून सांगायचा. "पीछे का पहाड़ अलग चलता है, आगे का पेड़ अलग. आठ-बिट अब डिब्बा है डिब्बा."

"अभी भी डिब्बा ही है," इमरान म्हणायचा.

"हँस लो. और उसके बाद सीडी वाला आएगा. उसमें फिल्म जैसा चलेगा. मैं तो कहता हूँ सोलह भी मत लो, सीधे सीडी लो."

"कैसेट कहाँ से लाओगे? दिल्ली से? एक गेम खतम हो गया तो दूसरा किससे बदलोगे? अपने मोहल्ले में है किसी के पास सोलह-बिट?"

"तू आगे की सोचता ही नहीं, यार."

"मैं शाम की सोचता हूँ. शाम को क्या खेलेंगे?"

ही चर्चा मी रोज ऐकायचो. ऐकताना मजा यायची, पण माझा काउंटर तीच मारत होती. एखादा बाप मुलाला घेऊन यायचा, डबा हातात घ्यायचा, आणि रिंकू मागून म्हणायचा, "रुक जाओ भाई, नया आ रहा है." मुलगा लगेच बापाची बाही ओढायचा. बाप सुटकेचा निःश्वास टाकून निघून जायचा. आमच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. खराब माल दुरुस्त करता येतो, 'नया आ रहा है' याला औषध नाही.

जायसवाल बाबूंनी यावर स्वतःच्या डोक्यानं औषध काढलं होतं. मी लागायच्या आधीच त्यांनी एक वेगळं मशीन भरून ठेवलेलं. दिसायला कॉम्प्युटरसारखं, पुढे टाइप करायचा कीबोर्ड, सोबत टायपिंग आणि गणिताची एक पिवळी कॅसेट. हेही टीव्हीलाच जोडायचं. खऱ्या कॉम्प्युटरची ऐपत कुणाची होती? बाबूंचा हिशेब असा, की पैसे बाप देतो, मग माल बापाला आवडेल असा हवा. त्यामुळे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठासून सांगायचे, "ये शिक्षा वाला है. इसमें गेम-वेम कुछ नहीं चलता."

बाप खूश व्हायचे, उद्या येतो म्हणायचे. मुलं या मशीनकडे विंचवाकडे बघावं तशी बघायची. घरी जाऊन काय व्हायचं देव जाणे, पण परत कुणी यायचं नाही. गोदामात शिक्षावाल्या मशीनची थप्पी तशीच आणि दिवाळी तोंडावर.

एक दिवस संध्याकाळी लाइट गेली. बनारसमध्ये ही काही बातमी नाही. जनरेटरवाला पोरगा पेट्रोल आणायला गेला. रिंकू आणि इमरान अंधारातच सोळा विरुद्ध आठ खेळत होते. तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आत आल्या आणि मागे वळून मुलाला म्हणाल्या, "पायरी आहे, बघून."

मराठी! ब्रह्मा घाटाबाहेर मराठी ऐकलं की कान आपोआप उभे राहतात. पण मी काही बोलायच्या आत बाबू पुढे झाले. गिऱ्हाईक नवं, साडी चांगली, आणि दिवाळी. त्यांनी मेणबत्ती उचलली आणि शिक्षावाल्या मशीनवर धरली.

"आइए भाभीजी. बच्चे के लिए? बस यही ले जाइए. लाइट नहीं है, चला के नहीं दिखा सकता, लेकिन मेरी बात मानिए. इसमें शिक्षा ही शिक्षा है. सुबह शिक्षा, शाम को शिक्षा. दो महीने में लड़का बदल जाएगा."

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मुलाला त्यांनी जवळ ओढलं.

"काय मेली माणसं तरी," त्या पुटपुटल्या. "लेकराला शिक्षा द्यायला मशीन काढलंय."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "वहिनी, थांबा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण."

"अगं बाई! तुम्ही मराठी?" त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग आपल्या शिक्षेला काय म्हणतात हे?"

"सज़ा."

"असं होय. मी म्हटलं, आमच्या निखिलनं असं केलंय तरी काय."

त्या कदमवहिनी. यजमान बँकेत, सांगलीहून नुकती बदली झालेली. मुलगा आठवीत. त्याला हिंदी धड येत नव्हतं, वर्गात कुणी बोलत नव्हतं, शाळेतून आला की खिडकीत बसून राहायचा. म्हणून त्याच्यासाठी काहीतरी घ्यायला त्या आल्या होत्या. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं. मराठीत बोलायला मिळालं की बदलीवर आलेल्या माणसांचं असंच होतं.

निखिल मशीनकडे बघून म्हणाला, "आई, ते बरोबरच म्हणाले. ही शिक्षाच आहे."

बाबूंना आणि पोरांना काही कळेना, म्हणून मी सगळा घोटाळा हिंदीत सांगितला. रिंकूनं काउंटरवर हात आपटला. "आंटी सही समझीं! ये सज़ा ही है. इसमें अपनी कैसेट थोड़ी चलेगी."

"किसने कहा नहीं चलेगी?" मी विचारलं.

"बाबूजी ने. रोज़ कहते हैं."

मी बाबूंकडे बघितलं. "आपने लगा के देखा है?"

"मुझे लगाने की क्या ज़रूरत?" बाबू म्हणाले. "कंपनी ने लिखा है शिक्षा वाला, तो शिक्षा वाला है."

मेणबत्तीच्या उजेडात मी त्या मशीनकडे नीट पाहिलं. त्याच्याही डोक्यावर स्लॉट होता. पिवळी कॅसेट आकारानं तशीच होती, इमरानच्या दप्तरात असायची तेवढीच. इतके दिवस मी त्या थप्पीला वळसा घालून जात होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. कारण बाबू सांगत होते, आणि मी ऐकत होतो.

"बाबूजी, एक डब्बा खोलने दीजिए."

"सील टूटी तो माल वापस नहीं जाएगा, महाराज."

"नहीं चला तो मेरी नौकरी में से काट लीजिए."

"नौकरी अभी हुई कहाँ है?" बाबू म्हणाले. पण मेणबत्ती त्यांनीच वर धरली. "खोलो."

मी सील तोडलं. मशीन टीव्हीला जोडलं. इमराननं दप्तरातून त्याची कॅसेट काढली. ती नऊ लाख का काय इतके गेम एकात असलेली कॅसेट. खरं तर पाचसहा गेम, नुसती नावं बदलून पुन्हा पुन्हा तेच. आणि मग आम्ही सगळे लाइटची वाट बघत उभे राहिलो. वहिनी जायला निघाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. पण निखिल हलेना. तो कॅसेटवरचं चित्र बघत होता.

लाइट आली. मी बटण दाबलं. पडदा काळा.

"देख लिया?" बाबू म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर मिक्सर दिसायला लागले.

"रुकिए," इमरान म्हणाला. त्यानं कॅसेट काढली. आत धूळ बसली की पिना धरत नाहीत, हे तेव्हाच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. त्यानं फुंकायला तोंडाशी धरली, तेवढ्यात निखिल मध्येच बोलला, "आडवी फुंक. आडवी." हिंदी त्याला आठवलंच नाही. हातानंच दाखवलं, कडेकडेनं, बासरीसारखं. इमराननं तशी फुंकली. खोचली.

गाणं वाजलं. पडद्यावर नऊ लाख गेमची यादी सरकायला लागली.

रिंकू पडद्याशी नाक नेऊन म्हणाला, "यानी अंदर से ये अपना वाला ही है?"

"वही है," मी म्हटलं. "ऊपर से कीबोर्ड लगा दिया है."

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे यात गेमपण चालतात तर."

बाबू मागून मला डोळ्यांनी खुणावत होते, नाही म्हण. मराठी कळत नसलं तरी 'गेम' कळला होता. पण मी सरळ सांगितलं, "वहिनी, चालतात. तुमच्यासमोर चालले. टायपिंग आहे, गणित आहे, गेमही आहेत. कशावर किती बसायचं ते तुम्ही ठरवायचं. मी दुकानात आहे, तुमच्या घरी नाही."

त्या हसल्या. "निदान खरं तरी बोललात."

इकडे इमरान निखिलला विचारत होता, "घर कहाँ है? तेरे पास कैसेट है? नहीं? मेरी ले जा, कल बदल लेना." निखिलला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण मान जोरजोरात हलत होती. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पर्स उघडली.

ते मशीन घेऊन मायलेक बाहेर पडले, तेव्हा रिंकूचं शेवटचं शस्त्र निघालं. "फिर भी यार, सोलह-बिट आ रहा है."

"आएगा तब आएगा," इमरान म्हणाला. "दिवाली पहले आएगी."

दुसऱ्या दिवशी मी बाबूंना न विचारता एक मशीन टीव्हीला जोडून काउंटरवर कायम चालू ठेवलं. बापाला टायपिंग दाखवायचं, मुलाला स्लॉट दाखवायचा, आणि दोघांना दोन्ही सांगायचं. आता घरी भांडण उरलं नाही. मुलगा हट्ट करायचा, बाप शिक्षणासाठी देतो म्हणायचा, दोघांचीही इज्जत राहायची. सर्वांत चांगला सेल्समन ठरला रिंकू. नव्या मुलांना तो सांगायचा, "अभी ये ले लो. पूरे मोहल्ले की कैसेट लगती है. सोलह वाला आए तो देख लेना." 'रुक जाओ' हा शब्द त्याच्या तोंडून गेला. त्यानं स्वतःही एक घेतलं, बापाला टायपिंग दाखवून.

धनत्रयोदशीच्या आधी गोदामातली थप्पी संपली. बाबूंनी दिल्लीच्या एजंटाला फोन लावला, "शिक्षा वाला और भेजो," आणि माझ्याकडे बघून, "सज़ा वाला नहीं."

सोळा-बिट आलं, मग सीडीवालं आलं. तेही मी विकलं. प्रत्येक वेळी काउंटरला टेकलेली पोरं पुढच्याबद्दल बोलत होती, आणि प्रत्येक वेळी संध्याकाळी खेळायला काहीतरी हवंच होतं.

यातून मी एवढंच शिकलो, की माल विकायच्या आधी एकदा प्लग लावून बघावा. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत.

दिवाळीनंतर जायसवाल बाबूंनी मला पक्कं केलं. त्या दिवसापासून दुकानात मला मुकुंदबाबू म्हणायला लागले. त्या हिवाळ्यात बाबांनी मोठ्या पंगतीची कामं घेणं सोडलं, आणि पुढच्या पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून वर आली तेव्हा आमच्या घरातलं वरण दाट होतं.