गाडी लागणाऱ्या बाईसाठी बांधलेली गाडी

मला गाडी लागते, आणि लग्न केलं ते बस ड्रायव्हरशी. चाळीत सगळे म्हणायचे, हिला दुसरा कोणी मिळाला नाही का? मिळालाही असता, पण हा समोरच्या खोलीत राहायचा आणि मला आवडायचा. घाटकोपरच्या त्या चाळीत आम्ही दोघंही वाढलो, दोघांचेही वडील गिरणीत. लहानपणापासून मी त्याला अरे-तुरेच करत आले. लग्नानंतर सासूबाईंनी "अहो म्हण गो" म्हणून पुष्कळ सांगून बघितलं, पण माझ्या जिभेला ते वळण काही लागलं नाही आणि शेवटी त्यांनीच नाद सोडला.

ट्रेनचं मला काही वाटत नाही. रिक्षा उघडी असते म्हणून चालून जाते. पण बंद गाडीत बसले आणि दोन वळणं आली की पोटात ढवळायला लागतं, तोंडाला पाणी सुटतं, कपाळाला घाम फुटतो, आणि पुढचं सांगायला नको. आलेपाक, लिंबू, वर्तमानपत्रावर बसणं, मेडिकलमधल्या गोळ्या, सगळं करून झालं. गोळीने झोप यायची आणि झोपेतून उठून उलटी व्हायची, एवढाच फरक. शिक्षिकेची नोकरीसुद्धा मी घरून चालत जाता येईल अशाच शाळेत धरली.

नवऱ्याची उभी नोकरी मुलुंडहून सुटणाऱ्या एकाच मार्गावर गेली. चढ म्हणून काय तो मध्ये रेल्वेवरचा पूल. निवृत्त व्हायच्या सुमाराला एकदा जेवताना तो म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्याने बेल मारली की थांबलो. आता आपल्या गाडीने जायचं, वाटेल तिथे थांबायचं. आणि एकदा तरी घाट चालवायचाय मला." मी आमटी वाढत होते. म्हटलं, "जा की." तर म्हणाला, "जा की काय? तू पण येणार." मी नाही आले तर तो जाणार नाही हे मला तेव्हाच कळलं. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशिवाय सिनेमालासुद्धा गेलेला नाही.

मग एका रविवारी तो कल्याणहून जुनी पिकअप घेऊन आला. पुढे दोन रांगांत चार माणसं बसतील अशी केबिन, मागे उघडा हौदा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पिकअप म्हणजे भाजीचा टेम्पो. वॉचमनने गेटवरच अडवलं, डिलिव्हरीवाल्यांनी बाहेर उभं राहायचं म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "निवृत्तीनंतर धंदा टाकताय का? कांदे-बटाटे ठेवणार असाल तर मला आधी सांगा हं." सेक्रेटरी म्हणाले, मालवाहू गाडी पार्किंगमध्ये चालणार नाही. नवऱ्याने त्यांना गाडीत बसवून मुलुंड चेकनाक्यापर्यंत चक्कर मारून आणली. परत आल्यावर ते, "अहो, ही तर आमच्या गाडीपेक्षा ऐसपैस आहे," म्हणाले आणि विषय मिटला.

घर पाहावं बांधून म्हणतात, तशी गाडीही बांधून पाहावी. कुर्ल्याच्या एका गॅरेजमध्ये आमची गाडी जवळजवळ राहायलाच गेली आणि तिच्यामागे नवराही. हौद्यावर पत्र्याचं टोपण आलं. आत दोन लांब ड्रॉवर बसले, एकात शेगडी आणि भांडी, दुसऱ्यात जॅक, पाने, दोरखंड. पाण्याची टाकी आली, दुसरी बॅटरी आली, तिच्यावर चालणारा एवढासा फ्रिज आला. टोपणाच्या कडेला एक कापड गुंडाळून बसवलं, ते ओढलं की सावली. मी त्याला मांडव म्हणते. छतावर घडीचा तंबू आणि वर चढायला शिडी.

"या वयात शिडी चढून झोपायचं?" मी विचारलं.

"कोंबड्या नाही का झोपत?" तो म्हणाला.

सगळ्यात जास्त जीव त्याने माझ्या सीटवर ओतला. डाव्या बाजूची पुढची सीट उंच करून घेतली, म्हणजे मला लांबवरचा रस्ता दिसेल. समोर छोटा पंखा. हाताशी घट्ट धरायला दांडी. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक हुक, पिशव्या अडकवायला. बायकोच्या उलटीची इतकी देखणी सोय केलेली गाडी अख्ख्या मुंबईत दुसरी नसेल.

गॅरेजवाला बोलघेवडा होता. मला बघितलं की गाडीखालून बाहेर यायचा. "काकी, टेन्शन नाय घ्यायचं. एवढं वजन टाकलंय ना, स्प्रिंगचे जुने पाटे बसतील खाली, गाडी झुल्यासारखी डोलणार. मी जाड पाटे टाकतो. डोलणारच नाय तर लागेल कशी? एकदम झकास!" नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझं ऑपरेशन यशस्वी झालं. मलाही वाटलं, न जाणो, जमेलही.

दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा निघालो, माळशेजकडे. जाड पाट्यांनी डोलायचं थांबलं होतं हे खरं, पण त्याऐवजी गाडी उसळायला लागली होती. कल्याणपर्यंत मी दांडी धरून बसले. मुरबाडपर्यंत डोळे मिटून बसले. मुरबाडच्या पुढे वळणं सुरू झाली आणि हुकाच्या पिशव्या एकेक करून संपल्या. घाट समोर दिसायला लागला तेव्हा त्याने गाडी बाजूला घेतली. मी उतरून एका झाडाखाली चक्क आडवी झाले. तो माझ्या डोक्याशी बसून वारा घालत होता आणि मधूनच त्या डोंगराकडे बघत होता. मी म्हटलं, "चल, सोसते मी." तो म्हणाला, "नको गं. बघितला ना घाट, बास झालं." आणि गाडी वळवली. दुधाची तहान ताकावर भागवायची त्याला सवय होती, पण त्या दिवशी मला ते बघवेना.

घरी आल्यावर मी सांगून बघितलं, तू एकटा जा, नाहीतर मित्रांना घेऊन जा. त्यावर तो चिडला. "मित्रांबरोबरच फिरायचं असतं तर डेपोच्या पिकनिका काय कमी होत्या?" मग त्याने गाडीवर कव्हर घातलं. रोज सकाळी खाली जाऊन पुसायचा, तेही बंद केलं. टीव्हीसमोर बसायला लागला. जो माणूस वर्षभर हाताला ग्रीस लावून, शीळ घालत घरी यायचा, तो दुपारी तीन वाजता मालिका बघतोय हे बघून माझ्या पोटात गाडीत होतं त्यापेक्षा वाईट झालं. एक दिवस म्हणाला, "विकून टाकू. ठाण्याचा एक जण रविवारी बघायला येतोय."  

शनिवारी सकाळी त्याने मला उठवलं. गाडीत कुठेतरी कुरकुर वाजत होती, केबिनच्या मागच्या भिंतीशी, आणि वाजणारी गाडी विकणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. "कुठून येते ते शोधायचंय. मी मागे बसून कान लावतो, तू चालव."

"मी?"

"लायसन्स कशाला काढलंय?"

लायसन्स होतं. ड्रायव्हरच्या बायकोला गाडी येत नाही म्हणजे काय, म्हणून त्यानेच लग्नानंतर मला मोटर ट्रेनिंगला घातलं होतं. तिथे मी भीतीने इतकी गारठलेली असायचे की पोटाची आठवणच व्हायची नाही. लायसन्स मिळालं आणि त्यानंतर स्टिअरिंगला म्हणून हात लावला नाही.

मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला एक रुंद रस्ता आहे, सकाळी रिकामा असतो. तिथपर्यंत त्याने गाडी नेली, मला उजवीकडे बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर उलटा गुडघ्यांवर बसला, कान भिंतीला लावून. "पहिला, दुसरा, बास. आणि सारखी डावी-उजवी घे. वळतानाच वाजते."

मी डावी-उजवी घेत राहिले. आधी जीव मुठीत धरून, मग जरा सैल होऊन. दलदलीकडून खारा वारा येत होता. रस्ता संपला की गोल वळसा मारायचा आणि परत नागमोडी यायचं. त्याचा मागून आवाज, "हां, वाजली! परत घे!" मी परत घेतली. चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. मग मागून वेगळाच आवाज आला.

"थांबव. थांबव गं."

मी ब्रेक मारला. तो दार उघडून फूटपाथवर जाऊन बसला, डोकं धरून. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी घाबरले, या वयात पहिला विचार छातीचाच येतो. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही गं. काय माहीत. तोंडाला सारखं पाणी सुटतंय." आणि गटाराकडे तोंड करून ओकला.

मी त्याची पाठ चोळली. हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती. "अरे, तुला गाडी लागली."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर गाडीत पुढे बसून पुढे बघणारा माणूस. त्याला ही गोष्ट फक्त ऐकून-बघून माहीत होती.

"असं होतं तुला?"

"असंच."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "आणि तरी यायचीस?"

"तुझ्याबरोबर जायचं असायचं ना रे."

त्याने माझा हात धरला आणि सोडेचना. सकाळी फिरायला आलेले लोक वळून वळून बघत होते, बघू देत. आणि तिथे त्याच्याशेजारी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की इतक्या वळणांनंतर मला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ढवळणं नाही, घाम नाही. पोट बापडं शांत.

"मी चालवते मग," मी म्हणाले. "मी चालवते तेव्हा मला लागत नाही."

त्याने हात सोडला नाही. मला कळत होतं मी काय मागतेय ते. सरळ रस्त्यावर खिडकी उघडी ठेवून मी कशीबशी तग धरते. माझी वाट लागते ती वळणांवर. म्हणजे मला चालवायला हवेत ते घाट. आणि त्याने ही गाडी बांधली होती ती घाटांसाठीच.

त्या दिवशी संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसला. मालिका सुरू झाली, त्याने टीव्ही बंद केला, ठाण्याच्या माणसाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सपाट मी, घाट तू. पण आधी शिकायचं नीट. मी सांगेन तसं."

शिकवताना तो नवरा राहिला नाही. आरसा बघ, आरसा बघ, बाई आरसा कशाला लावलाय, कुंकू लावायला? एरवी मुंबईचं मराठी बोलणारा माणूस घाबरला की मालवणीवर यायचा. देवनारच्या वळणावर मी ट्रकच्या फार जवळून गेले तेव्हा ओरडला, "गो बाय, मारतलंस माका!" आणि गाडी व्यवस्थित निघाल्यावर, "बरा घेतलंस," एवढंच पुटपुटला. पावसाळा येऊन गेला. मी उड्डाणपुलांवर चढावर थांबून गाडी मागे न सोडता उचलायला शिकले, गिअर टाकून उतारावर धरायला शिकले. शाळेत मी मुलांना ओरडायचे त्याची सगळी परतफेड झाली. गॅरेजवाल्याने जाड पाट्यांतला एक काढून टाकला, कुरकुरही सापडली, ड्रॉवरच्या एका सैल बोल्टात होती.

थंडी सुरू झाल्यावर परत माळशेजला निघालो. पायथ्यापर्यंत त्याने नेली, मी खिडकीत तोंड घालून आले. घाटाच्या अलीकडे तो थांबला. इंजिन चालूच ठेवलं, क्षणभर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वरच्या रस्त्याकडे बघितलं, आणि उतरला. गाडीच्या पुढून वळसा घालून आला, माझं दार उघडलं आणि म्हणाला, "उतर. तुझा आला."

मी चालवला. हळू, तिसऱ्यात, कधी दुसऱ्यात. वळणावर तो तोंडाने काही बोलत नव्हता, पण त्याचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता, ते मला दिसत होतं. मला वाईट वाटलं. दोन वळणांनंतर ते वाटणंही राहिलं नाही, इतका तो रस्ता मला आवडायला लागला. वर पोचल्यावर मी गाडी मोकळ्या जागेत घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"कसं वाटतंय?" त्याने काळजीने विचारलं.

मी पोटावर हात ठेवून नीट अंदाज घेतला. प्रवासाच्या दिवशी मी अन्नाला शिवत नाही, लग्न झाल्यापासून कधीच नाही.

"भूक लागलीय रे," मी म्हणाले.

तो मग उतरून मागे गेला, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. मी जाऊन बघितलं तर शेगडीसमोर माझ्याकडे पाठ करून उभा.

"काय झालं?"

"कांदा सापडत नाहीये," तो म्हणाला. कांदा त्याच्या हातात होता.