व्हर्नन स्टकीने दारोदार विचारलेला प्रश्न

व्हर्नन स्टकीने चौतीस वर्षं आमच्या गावात टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर तो आमच्या साप्ताहिकात राजकारणावर लिहू लागला. संपादक मी. त्याची मतं ठाम, वाक्यं लांबलचक. कात्री लावली की रुसायचा. पण माणूस लोभस.

२००८च्या सप्टेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती आणि न्यूयॉर्कच्या बँका धडाधड कोसळत होत्या. इंडियानातल्या आमच्या गावातला एकुलता एक कारखानाही बंद पडला. व्हर्ननने पानभर लिहिलं: बँका कोणत्या पक्षामुळे बुडाल्या आणि म्हणून मत कोणाला द्यायचं.

अंक निघाला त्या सकाळी तो नाश्त्याला गेला. खानावळवाली डार्लीन शाळेत त्याच्या वर्गातली, पण पक्की त्याच्या विरोधी पक्षाची. तिने बशी त्याच्यापुढे आदळली.

"वाचलं तुझं. न्यूयॉर्कची बित्तंबातमी आहे रे तुला."

"मग, खोटं आहे का त्यात काही?"

"माझ्या बहिणीच्या दारावर बँकेने घरजप्तीची नोटीस डकवलीय. वीस वर्षं त्याच दारात टपाल टाकलंस ना? ते कुठंय तुझ्या लेखात?"

व्हर्ननला ठाऊकच नव्हतं. अंडी तशीच ठेवून तो उठला.

तो आठवडाभर आपल्या जुन्या वाटेने दारोदार फिरला. सगळ्यांना एकच विचारायचा, नव्या अध्यक्षाकडून काय हवंय? एकवीस वर्षं कारखान्यात काढलेला रसेल म्हणाला, "कारखाना उघडणार की नाही, एवढं खरं सांगा. मग पोरीची शाळा बदलायची का ते ठरवतो." डार्लीनची बहीण विल्मा सामान बांधत होती. "मला काही नको," ती म्हणाली. "तेवढं कपाटाचं दुसरं टोक धर." व्हर्ननने वही खिशात घातली आणि कपाट धरलं.

पुढच्या लेखात फक्त लोकांची ही उत्तरं होती. मी विचारलं, "आणि मत कोणाला द्यायचं?"

"ते त्यांना कळतं," तो म्हणाला. "विल्माच्या घराचं मलाच कळलं नव्हतं."

दोन्ही पक्षांची मंडळी चिडली. तिघांनी अंक घेणं बंद केलं. पण डार्लीनने तो लेख गल्ल्यामागे चिकटवला.

मतदानाच्या दिवशी तिची गाडी सुरू होईना, म्हणून व्हर्नन दोघी बहिणींना घेऊन निघाला.

"आमच्या मतांनी तुझं मत खोडलं जाणार, ठाऊक आहे ना?" डार्लीन म्हणाली.

"एकीच्याच मताने खोडलं जातंय. दुसरीला कशाला नेतोय, देव जाणे."

विल्मा कित्येक दिवसांनी हसली.

नवा अध्यक्ष आला. निम्मं गाव नाचलं, निम्मं गप्प राहिलं. कारखाना उघडला नाही. रसेल टेक्सासला गेला. विल्माचं घर गेलं आणि ती खानावळीच्या माडीवर राहायला आली. व्हर्नन मात्र दर गुरुवारी वही घेऊन दारोदार जात राहिला. पुढे चार वर्षांनी गुडघे पार गेले, तेव्हा लोकच त्याच्या ओसरीवर येऊन बसू लागले.