अंगारकीची पुरी

लेकीच्या वेळची पगारी रजा संपली आणि मी लखनौतल्या अमीनाबादच्या ऑफिसात परत रुजू झाले, तेव्हा अंगात जिना चढायचंही त्राण नव्हतं. टाके दुखायचे, फायली बघता बघता डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि दूध तर आटतच चाललं होतं. रजा वाढवून मागितली, तर साहेब म्हणाले, "देखते हैं, मैडम," आणि ते काही बघेनात. बिनपगारी राहावं तर घर चालत नव्हतं. शेवटी गणपतीला साकडं घातलं, रजा मिळू दे म्हणून, आणि सासूबाई नको नको म्हणत असताना अंगारकीचा निर्जळी उपास धरला. खरं सांगते, त्यात भक्तीपेक्षा वैतागच जास्त होता.

ती अंगारकी नेमकी जेठातल्या बडा मंगलच्या दिवशी आली. त्या दिवशी लखनौभर मारुतीच्या नावाने भंडारे लागतात, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून जेवू घालतात. मी भरदुपारी लेकीला पाजायला घरी निघाले होते. ऊन मी म्हणत होतं. रिक्षा गर्दीत अडकली आणि मला घेरी आली. डोळे उघडले तर मी एका भंडाऱ्याच्या मांडवात सावलीला होते, आणि एक अनोळखी वयस्क बाई मला टेकू देऊन बसल्या होत्या. त्यांनी पुरी-भाजी पुढे केली. मी म्हटलं, "माताजी, मेरा व्रत है." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "गोद में बच्चा है?" मी मान हलवली. "तो तुम्हारा काहे का व्रत, बिटिया? प्रसाद है, खाओ." आणि त्यांनी घास माझ्या तोंडातच घातला. माहेर सुटल्यापासून मला असं कुणी भरवलं नव्हतं. मी रडत रडत पोटभर जेवले.

त्याच मला जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. अंगात रक्तच नाही, सक्त विश्रांती हवी, असं डॉक्टरीणबाईंनी खडसावून सांगितलं, तसं लिहूनही दिलं, आणि तो कागद पाहिला तेव्हा कुठे साहेबांनी पगारी रजा वाढवली. त्या रजेत मी नुसती जेवले आणि झोपले. हळूहळू चालताना धाप लागेनाशी झाली, लेक पोटभर पिऊन झोपू लागली. उपास मोडल्याचं सासूबाईंना भीत भीत सांगितलं, तर म्हणाल्या, "देवानेच भरवलं, मग मोडला कसा गं?"

त्या माउलीचं नाव विचारायचंही राहून गेलं. लेक अंगावर पीत होती तोवर मी पुन्हा उपास धरला नाही. देवापुढे बसले की एवढंच म्हणायचे, बाबा, तू भरवशील ते मी खाईन.