सुतकातला चहा

आकाराम ज्या घरी चहा पितो, त्या घरातलं माणूस पंधरवड्यात उचललं जातं, असं खैरवाडीत दबक्या आवाजात बोललं जायचं. गोष्ट पंच्याहत्तर सालची. जत तालुक्यातल्या या वाडीत प्यायला पाणी थोडं, पण बोलायला विषय मुबलक. त्यामुळं ही बातमी मेंढरांच्या मागं मागं शेजारच्या चार वाड्यांतही चरून आली.

आकाराम मूळचा पाटणचा, आरोग्य खात्यातून बदलीनं इकडं आलेला. कुणी वारलं की आठ-दहा दिवसांनी त्या घरी सायकलवरून जायचं आणि माणूस कशानं गेलं ते विचारून कागदावर उतरवायचं, हे त्याचं काम. जगभर माणसं कशाकशानं मरतात याची म्हणे मोठी मोजदाद चालली होती, आणि तिच्यातला खैरवाडीचा वाटा आकारामच्या पिशवीत होता. पण वाडीचं उत्तर ठरलेलं. "वेळ भरली." तालुक्याचे साहेब कागद बघून वैतागायचे. "आकाराम, तुमच्या हद्दीत नऊ जणांची वेळ भरली. त्यातले चार पाळण्यातले. त्यांची कसली वेळ भरली हो?"

आकारामला खोड एकच, चहाची. सुतकाच्या घरी कुणी पाणीसुद्धा घेत नाही, हे पाटणच्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण रडून डोळे सुजलेल्या बाईनं समोर कप ठेवला, तर नको म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. शिवाय चहा घेतला की बायका बोलत्या व्हायच्या, आणि वेळ भरण्याआधी काय काय झालं ते निघायचं. त्या वर्षी तो तीन सुतकी घरांत चहा प्याला. तिन्ही घरांत मागोमाग दुसरं माणूस गेलं. झालं! त्यानंतर त्याची सायकल लांबून दिसली तरी वाडीत कड्या लागायच्या.

कडी लागली नाही ती एका मेंढरं राखणाऱ्या दादासोच्या घराला, आणि ती त्याच्या आईमुळं. रंगुबाई ऐंशीच्या पुढची. दात गेले, गुडघे गेले, बरोबरीच्या सगळ्या गेल्या. एका सकाळी तिनं लेकाला फर्मावलं, "त्या चावाल्याला बोलीव."

"आये, त्यो अपशकुनी हाय."

"म्हणून तर बोलीव. चांगल्या पायाच्या मानसांनी मला कवा न्हेलंय?"

आकाराम आला, चहा प्याला, गेला. म्हातारीनं नवं लुगडं काढून ठेवलं, कुठलं मेंढरू कुणाला द्यायचं ते सांगून टाकलं आणि वाट बघत बसली. पंधरवडा गेला. सोळाव्या दिवशी सकाळी तिनं आकारामची सायकल काठीनं अडवली.

"काय रं, गूळ कमी पडला व्हता व्हय?"

"चला आज्जे, आज दोन कप पितो."

अंगणात शिरला आणि त्याचं हसू जागीच थांबलं. दोरीवर तेरा लंगोट वाळत होते. पाळण्यात पोर एकच, दादासोचा अकरा महिन्यांचा नातू सिद्धू. त्या तीन घरांतल्या बायकांनी असेच लंगोट मोजून दाखवले होते.

"पोराला हगवण लागलीय?" त्यानं विचारलं. दादासोची सून सुलाबाई तोंड फिरवून आत गेली. दादासो दारात आडवा उभा राहिला.

"आईनं बोलीवलंय, आईपुरतं बगा. पोरावर तुमची सावली नगं."

"पाणी कुठलं पिता?"

"वड्याच्या आडाचं. आन पान्याचा काय संबंध?"

रंगुबाईनं काठी आपटली. "दादासो, सर बाजूला. ह्या घरात मरायचा नंबर माझा हाय. मागनं येऊन म्होरं घुसाय हे काय रेशनचं दुकान हाय?"

आईपुढं दादासोचं काही चालत नसे. सिद्धूचे डोळे खोल गेले होते, रडत होता पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. आकाराम सुलाबाईला म्हणाला, "चहाचं आधण ठेवा, पण पत्ती टाकू नका." पाणी खळखळ उकळलं, निवलं, त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ पडलं. मग पोराला मांडीवर घेऊन तो चमच्याचमच्यानं पाजायला लागला. पोरानं ओकलं, तो थांबला, पुन्हा पाजलं. दादासो मेंढराची कातर घेऊन उंबऱ्यावर बसून राहिला. त्या दिवशी कुठलंही मेंढरू कातरायचं नव्हतं.

ऊन कलतीला लागलं तेव्हा सिद्धूनं आकारामच्या मांडीवर भरघोस धार सोडली. मांडीखाली छापील कोऱ्या कागदांची चवड होती, ती 'मरणाचं कारण' या रकान्यासकट भिजली. सुलाबाई शरमून पोर घ्यायला धावली.

"भिजू द्या," आकाराम म्हणाला. "सकाळपासनं ह्याचीच वाट बगतोय."

दादासोनं कातर खुंटीला अडकवली आणि सुनेला म्हणाला, "आता त्येंच्यासाठी पत्ती टाक."

"आन माझं काय?" रंगुबाई कोपऱ्यातून म्हणाली.

"तुमचं फुडच्या फेरीला, बुधवारी बगू, आज्जे."

त्या बुधवारी काही झालं नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. म्हातारी आणखी सात वर्षं जगली आणि दर बुधवारी आकारामच्या चहाला नावं ठेवत राहिली.

खरं एवढंच होतं. त्या तिन्ही घरांत पहिलं माणूस हगवणीनं गेलं होतं, आणि दुसरंही हगवणीनंच गेलं. तिन्ही घरं ओढ्याच्या आडाचं पाणी न उकळता पीत होती. उकळलेलं पाणी होतं ते फक्त आकारामच्या कपात.