देवीची चोळी आणि मास्तरांचा गुरुवार

आमच्या बटन-दोऱ्याच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. कुणाचं तुटलेलं, कुणाचं सांडलेलं, जोडीतलं एकटं उरलेलं बटन त्यात जातं. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण डबा कायम भरलेला! आमच्या गल्लीच्या नऊ देवळांच्या सहलीचे किस्सेही असेच साठलेत.

सहल एका दिवसाची. संक्रांत झाली की एका सोमवारी दुकानं बंद ठेवून जालन्याची आमची अख्खी कापड गल्ली पहाटे रशीदभाईंच्या मॅटॅडोरमध्ये बसायची. राजूर, भोकरदन, धावडा, आणि पुढं डोंगराच्या पायथ्याला नऊ जुनी दगडी देवळं. पहिला गणपती, मग महादेवाची सात, आणि साठ पायऱ्या चढून गेलं की नववी देवी. घरोघर टीव्ही यायच्या आधी सुरू झालेली ही सहल पुढं सोळा वर्षं चालली.

पुढारी मोतीलालजी, कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं राजस्थानचं, धर्म जैन, पण ते नसले तर गाडी हलायची नाही. आणि सहलीचा जीव म्हणजे रंगनाथ मास्तर, कोपऱ्यावरचे टेलर. हात सोन्याचा, पण वायद्याचं नाव काढू नका. कपडे न्यायला कुणीही गेलं की मशीनवरून मान वर न करता म्हणणार, "गुरुवारी या." कोणत्या गुरुवारी, ते कधी सांगितलं नाही. माझा लग्नाचा सफारी मला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मिळाला. लग्न मी थोरल्या भावाच्या सफारीत लावलं. फोटोत माझी बोटं शोधावी लागतात.

* * *

पहिल्याच वर्षीची गोष्ट. मास्तरांची मंदा साडेतीन वर्षांची झाली होती, पण पाऊल टाकत नव्हती. डॉक्टर झाले, मालिश झालं. मास्तरांची बायको, आमच्या सगळ्यांच्या काकू, तिला कडेवर घेऊन साठ पायऱ्या चढल्या. मास्तर देवीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "आई, माझी पोरगी ह्या पायऱ्या आपल्या पायानं चढली, तर तुला माझ्या हातानं चोळी शिवीन."

एवढं बोलून त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि गुरवाला विचारून देवीचं माप घेतलं. वहीत नोंदही केली.

पुढच्या वर्षी मंदा चढली. दर दोन पायऱ्यांना बसत, पण कुणाचा हात न धरता. वर पोचली तेव्हा काकू रडल्या, आम्ही सगळेच रडलो. मग काकूंनी डोळे पुसत विचारलं, "अन् चोळी?"

मास्तरांनी एकदा काकूंकडं पाहिलं, एकदा देवीकडं. म्हणाले, "गुरुवारी."

* * *

एका साली राजूरला चहा पिऊन निघालो. धावड्याला मोतीलालजींनी माणसं मोजली. निघताना एकवीस होती, आता बावीस. पुन्हा मोजली, पुन्हा बावीस. शेवटी मागच्या बाकावर एक म्हातारी सापडली, मांडीवर गाठोडं. ती राजूरला आमची गाडी भाड्याची समजून बसली होती.

"मावशी, जायचं कुठं तुम्हाला?"

"भोकरदनला. लेकीकडं."

"अहो, भोकरदन मागं राह्यलं! उतरला का न्हाई मंग?"

"तुमची आरती चालू हुती," म्हातारी म्हणाली. "आरतीतून उठून जाऊ व्हय?"

तिनं नऊही देवळं आमच्याबरोबर केली. परतताना तिला लेकीच्या दारात सोडलं. पुढच्या वर्षी राजूरच्या चहाच्या टपरीवर ती गाठोडं घेऊन आमची वाट बघत बसली होती.

* * *

एकदा गुरव लग्नाला गेला होता. कोणत्या महादेवाला आधी पाणी घालायचं, नारळ कुठं फोडायचा, यावर बायकांत वाद सुरू झाला. लिंबाखाली बसलेल्या रशीदभाईंना राहवलं नाही. "भाभी, पहले वो तिरपा दरवाजावाला. नारियल आखरी में, देवी के पास. और तीसरे में सर झुका के जाओ, हर साल किसी ना किसी को लगता."

"भाई, तुम्हाला सगळं कसं पाठ?"

"बाहर बैठ के दस साल से सुन रहा. तुम लोगां अंदर जाते, और भूल के आते."

* * *

मोतीलालजी सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. त्यामुळं आमची सहल म्हणजे पळापळ. दिवस मावळायच्या आत नऊ देवळं उरकून दालबाटीवर बसायचंच. एकदा आठव्या देवळात कुणीतरी खांबावरचं कोरीव काम बघत रेंगाळलं, तर मोतीलालजी म्हणाले, "चला, जल्दी. देव हजार वर्षांपासून बसलाय. सूर्य थोडाच बसणार हाय?"

* * *

चोळीची कारणं दर वर्षी नवी. अस्तर मिळालं नाही. कारागीर कुंभार-पिंपळगाव ह्या आपल्या गावी गेला तो आलाच नाही. लगनसराई. मास्तर देवीसमोर हात जोडून हे सगळं मोठ्यानं सांगायचे. मोतीलालजी एकदा वैतागले, "मास्तर, ती देवी हाय, गिऱ्हाईक न्हाई!"

"म्हणून तर खोटं बोलून न्हाई राह्यलो," मास्तर म्हणाले. "अस्तर खरंच आलं न्हाई."

एकदा मात्र दुकानात एकटे असताना मला म्हणाले, "कापड आणून ठेवलंय रे. कात्री लावायला गेलो की परत ठेवून देतो. बिघडलं तर?" त्यानंतर मी त्यांना कधी चिडवलं नाही.

* * *

सोळाव्या वर्षी मंदाचं लग्न ठरलं. सहलीनंतर आठच दिवसांनी. काकूंनी पत्रिकांचा गठ्ठा कपाटात घालून कुलूप लावलं. "आधी आईची चोळी. तवर एक बी पत्रिका भाईर न्हाई निघणार."

आणि त्या सोमवारी मास्तर मॅटॅडोरमध्ये चढले ते मांडीवर चोळी घेऊन. हिरवा खण, जरीचा काठ, टाके असे की दिसू नयेत. गाडीत सगळ्यांनी हात न लावता बघितली.

नवव्या देवळात मास्तरांनी चोळी देवीला घालायला घेतली. गाठ बसेना. पुन्हा ओढून बघितलं. चार बोटं कमी!

मास्तरांनी घाईनं वही उघडली. माप बरोबर. चोळी मापाची. चेहरा पांढराफटक.

गुरव हळूच म्हणाला, "मास्तर, दर अमावस्येला शेंदूर चढतो. माप घेऊन पंधरा वर्षं झाली की."

काकू खाली बसल्या. मास्तर चोळी उलटीपालटी करत होते, आणि एकदम थांबले. दोन्ही बाजूंच्या शिवणीत त्यांनी नेहमीसारखी दोन-दोन बोटं माया ठेवली होती, आत दुमडलेलं जादा कापड.

"सुई," ते म्हणाले.

सुईदोरा माझ्या पिशवीत, पिशवी खाली गाडीत. मी उठायच्या आधी मंदा पळाली. साठ पायऱ्या खाली, साठ पायऱ्या वर, एका दमात. मास्तर तेवढा वेळ तिच्या पायांकडं बघत होते.

मग ते उंबऱ्याशी बसले. शिवण उसवली, कापड सैल केलं, टाके घालत गेले. मंदानं चोळीचं टोक ताणून धरलं होतं. सूर्य डोंगरामागं गेला. मोतीलालजींच्या बायकोनं डबा पुढं केला, त्यांनी हातानं मागं सारला. "आज माझा उपास," एवढंच म्हणाले.

चोळी बसली. गाठ मारून मास्तर दोन पावलं मागं सरकले, मान तिरपी करून खांदा बघितला, काठ बघितला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात जोडले आणि देवीला म्हणाले,

"वापरून बघा. कुठं घट्ट-ढिली वाटली, तर गुरुवारी आणून द्या."